भरतकामाच्या यंत्राची फ्लॉपी

बारामती एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं भरतकामाचं यंत्र पिंपळीच्या रोहिणीनं घेतलं, तेव्हा सोबत ते सुरू करायची एकच फ्लॉपी आली होती. रोज आधी ती घालायची, यंत्रानं ती वाचायची, मगच सुया हलायच्या. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी आतून नुसतीच करकर ऐकू आली आणि यंत्र गप्प झालं.

दुरुस्तीवाल्या लखननं फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून दाखवलं. आतल्या तपकिरी चकतीवर पांढरी बुरशी धरली होती.

"ताई, ही गेली. दुसरी कुठं मिळायची न्हाय. यंत्र भंगारात घाला."

"शुक्रवारी अंथुर्ण्याच्या पोरींना कबड्डीचे बारा शर्ट द्यायचेत."

"मग बाहेरनं करून आणा की."

"न्हाय. शब्द मी दिलाय. काम हितंच व्हईल."

बारामतीतल्या दुकानदारांनी फ्लॉपीचं नाव ऐकूनच हात वर केले. तेव्हा रोहिणीला इंदापूरच्या माधवीबाई आठवल्या. तिची नणंद लग्नाआधी त्यांच्याच क्लासात कॉम्प्युटर शिकली होती. मंगळवारी सकाळच्या एसटीनं रोहिणी इंदापूर गाठून बाईंच्या दारात उभी राहिली.

बाईंनी जुना कॉम्प्युटर अजून जपून ठेवला होता. फ्लॉपी उजेडात धरून त्या म्हणाल्या, "अशीच घातली तर वाचायची नाही. आधी धुवावी लागेल."

"धुवायची? पाण्यानं?"

"साबणाच्या पाण्यानं. पण माझे हात आता थरथरतात. तुलाच करावं लागेल. ओरखडा पडला तर संपलं."

रोहिणीनं बांगड्या मागं सारल्या. बाईंच्या डब्यातल्या एका कोऱ्या फ्लॉपीवर आधी हात बसवला. नंतर आपली उघडली, चकती फक्त कडेनं धरली, बोटाच्या टोकानं बुरशी सोडवली, स्वच्छ पाण्यातून काढली आणि मऊ फडक्यावर सुकवली. कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात ती बसवून चिकटपट्टी लावली.

कॉम्प्युटरनं निम्मी वाचली आणि तो अडला.

"राहू दे आता," बाई म्हणाल्या.

"पुन्हा धुते."

दुसऱ्या वेळी तिनं चकतीच्या मधोमध असलेल्या धातूच्या गोलाजवळची कडही पुसली. या खेपेला आवाज एकसारखा येत राहिला. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर बाईंनी कोऱ्या फ्लॉप्या पुढं केल्या. रोहिणीनं चार प्रती काढून घेतल्या.

बुधवारी लखननं यंत्राचा फ्लॉपी वाचणारा भाग पुसून दिला. तिनं प्रत घातली आणि सुया हलल्या. बारावा शर्ट शुक्रवारी दुपारी उतरला.

शनिवारी तिनं लखनला पुन्हा बोलावलं. "ह्याला पेनड्राइव्ह चालंल असा भाग मिळतो म्हणं. शोधा."

"ताई, एवढ्या जुन्या यंत्राला..." लखननं तिच्याकडं पाहिलं आणि यंत्राचा नंबर लिहून घ्यायला खाली वाकला.