घोड्यापुढचे पांढरे प्यादे

मित्रांनो, मी एक जुने पांढरे प्यादे आहे. लाकूड कातणाऱ्या एका कारागिराने आम्हा आठ भावंडांना एकाच दिवशी घडवले आणि एक घड्याळजी आम्हाला घरी घेऊन गेला. पटावर माझी जागा ठरलेली, वजिराकडच्या घोड्यापुढे.

घड्याळजीला दोन मुली होत्या. खेळाचे वेड धाकटीला. तिच्यासाठी बाबांनी एक धाडसी सुरुवात निवडली. त्या सुरुवातीत पांढऱ्याचा उंट लवकर बाहेर पडतो आणि माझ्या पाठीशी कोणी उरत नाही. काळा वजीर मला खायला धावतो. त्याला खुशाल खाऊ द्यायचे. मग आमचा हत्ती त्याला हुसकावतो. तो जीव वाचवत फिरतो, तोवर आमची फौज काळ्या राजावर चालून जाते. तो बिचारा अजून पटाच्या मधोमधच असतो.

"प्यादं देऊन आपण चार चाली कमावतो," बाबा सांगत. "पण त्या साठवून ठेवता येत नाहीत. एकदा दिलंस की मागे वळायचं नाही."

मी शेकडो वेळा पटाबाहेर पडलो. धाकटी जिंकली की मला ओंजळीत घेई. तेव्हा मरणाचेही काही वाटत नसे.

पुढे बाबा तिला गावोगावच्या स्पर्धांना नेऊ लागले. दुकानात कोणी तरी हवे होते. थोरलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. एकच वर्ष थांब, असे बाबा तिला म्हणाले. एकाची चार वर्षे झाली. डोळ्याला भिंग लावून ती लोकांची घड्याळे उघडत राहिली.

मग राष्ट्रीय संघाच्या निवडीचा शेवटचा डाव आला. मी तिथे नव्हतो. पण संध्याकाळी धाकटीने तो आमच्यावर पुन्हा मांडला, म्हणून मला कळला. वजिराने प्यादे खाल्ले होते, हत्तीने त्याला हुसकावले होते. आता मधले प्यादे रेटायचे, एवढेच उरले होते. इथे ती पाऊण तास विचार करत बसली आणि तिने घोडा राजाजवळ मागे घेतला. काळ्याला उसंत मिळाली. त्याने आपला राजा कोपऱ्यात सुखरूप नेला. आमच्या हाती काय राहिले? एक प्यादे कमी. डाव गेला आणि निवडही हुकली.

"मागे का घेतलास?" थोरलीने विचारले.

"भीती वाटली गं, ताई. इतकं सगळं दिलंय, आता हरले तर काय, असं झालं."

थोरली हळूच म्हणाली, "मग मी कशाला थांबले होते?"

बाबा सोंगट्या डब्यात भरू लागले.

धाकटी पुन्हा खेळली नाही. थोरलीचे प्रवेशाचे वय उलटून गेले. ती आजही दुकानात बसते. दोघी एकाच ताटलीतून खात असत, आता घरात जेवणाच्या वेळाही वेगळ्या आहेत. माझ्या तळाचे कापड निघाले आहे, रंग पिवळा पडला आहे.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाला पुढे करण्याआधी त्याला एकदा नीट विचारा, आणि त्याने होकार दिला, तर वाटेतून परत फिरू नका. मी लाकडाचा आहे. मला मारले, तरी दुसऱ्या डावाला मी पुन्हा जागेवर उभा असतो. थोरलीला दुसरा डाव नव्हता.