दोन मार्चचा दिनविशेष

नाशिकच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर श्यामलाताई गर्गे रोज सकाळी दिनविशेष वाचायच्या. गेल्या वर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. तो परत येईलच, असं डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. ताई घरी बसून एकेक अक्षर घोटत राहिल्या.

दोन मार्चला त्या पुन्हा माइकसमोर बसल्या. यंत्रं सांभाळणारा तनय म्हणाला, "ताई, गोर्बाचेव्ह यांचा जन्म गाळू या का? नाव अवघड आहे."

"काही गाळायचं नाही," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

लाल दिवा लागला. "एकोणीसशे तीस. आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाला..." इथे आवाज फाटला. तनयने गाणं लावायला हात पुढे केला. ताईंनी मानेनंच नको म्हटलं, घोटभर पाणी घेतलं आणि तेच वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचलं. मग गोर्बाचेव्ह यांचा जन्म आला, सरोजिनी नायडूंचं निधन आलं. एकही नाव अडलं नाही.

कार्यक्रम चालू असतानाच पंचवटीतून एका आजोबांचा फोन आला. "आवाज बदललाय, बाई. पण ऐकता ऐकता माझा चहा निवून गेला."

श्यामलाताई खळखळून हसल्या, आणि ते हसू नाशिककरांनी घराघरांत ऐकलं.