भट्टीतली पुंगळी

मी एक जुनी पुंगळी आहे. बंदुकीचा बार उडाला की काडतुसाचं जे रिकामं नळकांडं मागे उरतं, ते मी. माझं अंग लाल प्लॅस्टिकचं आहे आणि बूड पितळेचं. तुमच्या अंगठ्यापेक्षा मी बरीच जाड आहे.

मित्रांनो, माझा जन्म शिकारीसाठी झाला नव्हता. वणीकडच्या एका सिमेंट कारखान्यात मी आले. तिथल्या भट्टीच्या पोटात वितळलेल्या दगडाचे थर साचत आणि वाट बंद होई. मग भट्टीच्या तोंडाशी एक मोठी बंदूक लावून ते थर फोडायचे. माझी पाळी आली तेव्हा समोर नुसता नारिंगी उजेड होता, मावळता सूर्य कुणीतरी नळीत कोंडून ठेवावा तसा. एक धक्का बसला आणि माझ्यातली गोळी त्या उजेडात विरघळली. "मोकळी झाली!" असं कुणीतरी ओरडलं. ते कौतुक ऐकत मी जमिनीवर पडले. मग झाडू आला.

भंगाराच्या पोत्यातून मी यवतमाळला पोचले. तिथे जफरभाईंचं बंदूकदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. काडतुसं भरायचा परवानाही त्यांच्याकडे होता. त्यांनी मला पुसलं, फुंकलं आणि बाजूला ठेवलं. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचे फुलसिंग त्यांचे जुने गिऱ्हाईक होते. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे आजोबांची परवान्याची रुंद नळीची बंदूक होती, पण तिची काडतुसं आता कुठेच मिळत नव्हती. माझं माप मात्र तिला बरोबर बसलं.

"चाचा, आवाज भरून देतो. छर्रा नाही," जफरभाई म्हणाले.

"आवाजच पायजे मले. डुक्कर पळाले म्हंजे झालं."

तशी मी चार हंगाम तुरीच्या शेतात वाजले. दर वेळी जफरभाई मला नव्यानं भरत. उरलेले दिवस मी फुलसिंगच्या खिशात फुटाण्यांच्या सोबतीनं डुलत असे. बाहेर तुरीची पिवळी फुलं हलत. फुलसिंगची बायको लालीबाई बांधावरून हाक मारी आणि ती हाक मला कापडातून, पाण्याखालून यावी तशी ऐकू येई. मला वाटे, आपण असंच डुलत राहावं.

मागच्या हिवाळ्यात लालीबाई सकाळी एकटीच शेतात गेली. तुरीतून रानडुक्कर निघालं आणि त्यानं तिची मांडी फाडली. ती वाचली, पण दवाखान्यात पडून होती. फुलसिंग तिथून थेट दुकानात आले आणि त्यांनी मला टेबलावर आपटलं.

"जफर, आता छर्रा भर. मले ते डुक्कर मारायचं हाय."

जफरभाईंनी मला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. पितळेच्या कडेला केसासारखी एक भेग गेली होती. ती मला केव्हाच जाणवली होती, पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

"चाचा, हे थकली. आता भरली तर नळी फुटंल. डुकराच्या आधी तुमचं थोबाड जाईन."

"जाऊ दे!"

"मंग चाचीले उठवून कोण बसवंल?"

फुलसिंग बाकावर टेकले. जफरभाईंच्या बायकोनं, हजराबीनं, आतून चहा आणून ठेवला. कप तसाच निवत राहिला. मग ते म्हातारे गृहस्थ पागोट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून रडले. जफरभाईंनी त्यांच्यासमोरच कात्रीनं माझा काठ कापला, म्हणजे मला पुन्हा कुणी भरू नये. मला दुखलं, आणि हायसंही वाटलं.

त्या दुपारी दोघं जफरभाईंच्या गाडीवरून आधी दवाखान्यात आणि मग वनखात्यात भरपाईचा अर्ज द्यायला गेले. पुढच्या आठवड्यात शेताला जाळीचं कुंपण लागलं. जफरभाई स्वतः खांब धरून उभे होते म्हणे.

मी आता दुकानात खिळ्याला टांगलेली असते. "एक डाव अजून भरा" असा कुणी हट्ट धरला, की जफरभाई माझी भेग दाखवतात. परवा लालीबाई फुलसिंगांसोबत काठी टेकत आली. तिनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"थोबाड तसंच्या तसंच हाय," ती म्हणाली. "बरं केलं रे जफर."

मित्रांनो, मला पुन्हा भरणाऱ्या हातांवर माझा जीव आहे. पण माझी भेग बघून जे हात थांबले, त्यांच्यावर जास्त आहे. वस्तू असो की माणूस, पुन्हा कामाला जुंपण्याआधी एकदा नीट बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.