बिनआमिषाचा गळ

दर रविवारी माझे काका दीपगृहामागच्या खाडीवर मासे पकडायला जात आणि दुपारी पिशवीत दोन-तीन मासे घेऊन परत येत. नातेवाइकांत आणि गल्लीत पट्टीचे गळवाले म्हणून त्यांचं नाव होतं. खरा प्रकार मला आमच्या कचेरीच्या पाहणीच्या होडीतून दिसला. काका खडकावर टोपी तोंडावर घेऊन घोरत होते. गळ पाण्यात होता, पण त्याला आमिषच नव्हतं, कारण मासा लागला तर उठावं लागलं असतं. मासे ते येताना बाजारातून घेत. काकूला सांगणार नाही, असं जागे झाल्यावर त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं आणि मीही ते पोटात ठेवलं. इतका गाढ झोपलेला माणूस मी आमच्या कचेरीबाहेर प्रथमच पाहत होते.

माझी कचेरी नियोजनाची. त्या वर्षी आम्ही एकाच नकाशावर तीन गोष्टी आखल्या होत्या. टेकडीवरचं जंगल राष्ट्रीय उद्यान होणार, जुनं दीपगृह ऐतिहासिक वास्तू आणि खाडी सागरी संरक्षित क्षेत्र. म्हणजे खाडीत गळ टाकायला कायमची बंदी. बातमी कळताच काका तडक माझ्या टेबलापाशी आले आणि नकाशावरची खाडीच्या हद्दीची निळी रेघ जरा डावीकडे सरकव म्हणाले. रेघ माझ्या मनाची नाही, पाणबुड्यांनी बुडी मारून पाहिलंय, तिथं मासे अंडी घालतात, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी सौदा मांडला: जंगल दुप्पट घ्या, दीपगृहाच्या जोडीला हवं तर मला ऐतिहासिक करा, पण तेवढा खडक सोडा.

"बंदी गळाला आहे," मी म्हटलं. "नुसतं बसायला या की."

"नुसतं बसायला घरात खुर्ची आहे, असं तुझी काकू म्हणेल."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आठवड्यातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

जनसुनावणीला गळवाले झाडून सगळे आले. खाडी आपल्याला किती मोलाची आहे ते पटवायचं आणि बंदी हाणून पाडायची, असा त्यांचा बेत होता. पण गळवाल्याच्या हातात माइक दिला की व्हायचं तेच झालं. पहिल्याने हातभर मासा पकडला होता. दुसऱ्याचा मासा त्याच्या मुलीएवढा निघाला. तिसऱ्याच्या माशाने तर त्याला होडीसकट ओढत नेलं होतं. अध्यक्षबाई प्रत्येकाला वा म्हणत होत्या आणि कारकून इमानेइतबारे सगळं उतरवून घेत होता. विरोध करायला आलेली मंडळी आमचं काम आमच्यापेक्षा झकास करत होती.

हे फक्त काकांच्या ध्यानात आलं. काकू पहिल्या रांगेत बसली होती. अब्रू राखली तर खडक जाणार आणि खडक राखला तर अब्रू. काका उठले, एकदा काकूकडे बघितलं आणि त्यांनी खडक निवडला.

"त्या खाडीत मासे नाहीत," ते म्हणाले. "मला इतक्या वर्षांत एकही मिळालेला नाही."

सभागृह खदखदून हसलं. मोक्याची जागा लपवायची ही गळवाल्यांची जुनी युक्ती, त्यामुळे कुणी विश्वास ठेवेना. अध्यक्षबाईंनी पाणबुड्यांनी काढलेला फोटो पडद्यावर लावला. काकांच्या खडकाखाली माशांची ही गर्दी. मग तुमच्याच गळाला एकही कसा लागला नाही, असं बाईंनी विचारलं. काका आमिषाबद्दल काहीतरी पुटपुटले, ते हशात कुणालाच ऐकू गेलं नाही. तेवढ्यात काकू उभी राहिली.

"ह्यांचं ऐकू नका, बाई. दर रविवारी माझ्या घरात मासे येतात. मीच तळते. तुम्ही खुशाल बंदी घाला."

काका मटकन खाली बसले. खाडी गेली.

घरी जाताना मी दोघांच्या मधून चालत होते. काकांनी काकूला विचारलं, मी खरं सांगत होतो हे तुला ठाऊक होतं का.

"पोट साफ केलेला मासा समुद्रातनं येतो का कधी?" काकू म्हणाली. "मला वाटलं, कुणी बाई आहे. एकदा आले तुमच्या मागोमाग. बघते तर तुम्ही घोरताय. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. झोपेचं काय उपटू?"

"मग सभेत तसं का बोललीस?"

"चारचौघं तुम्हाला हसत होते, ते बघवेना. आणि रागही होता. स्वतःचं घर सोडून माणसाला खडकावर झोप लागते, म्हणजे मी काय समजायचं?"

काका झपझप पुढे चालू लागले.

बंदी लागू झाली. पुढच्या रविवारी मी गेले तर काका पलंगावर डोळे टक्क उघडे ठेवून पडले होते आणि काकू भांड्याला भांडं लागू न देता स्वयंपाकघर आवरत होती. काकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. खाडीत कुणी चोरून गळ टाकू नये म्हणून पहाऱ्याला माणसं लागत असतील ना, असं हळूच विचारलं. लागतात, पण पगार नाही, मी म्हटलं. त्यांचा चेहरा खुलला.

"दोघांची जागा आहे का विचारा तिला," आतून काकू म्हणाली. "आणि पहिली पाळी तुम्ही जागायचं. मला झोपायचंय."