हरकत असल्यास तीस दिवसांत

धाकटीने नोटीस लावली खरी, पण मन काही होत नव्हतं. "रनटाइमच्या जुन्या आवृत्तीवर ही लायब्ररी यापुढे चालणार नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवा."

लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, आणि रनटाइम म्हणजे तो ज्याच्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. तारखा वाचणारी ही छोटी लायब्ररी तिने आणि दादाने मिळून लिहिली होती, कुणीही फुकट वापरावी म्हणून. मग आईच्या आजारपणात दोघांचं वाजलं, आणि असं वाजलं की आठ वर्षं फोन नाही की येणं-जाणं नाही. उरलं ते दादाच्या प्रयोगशाळेतलं, त्या जुन्या आवृत्तीवर चालणारं एक जुनाट मशीन. लायब्ररीत काही बदललं की तक्रारींच्या पानावर त्याची ओळ यायची, "जुन्यावर अडतंय. बघ." ती दुरुस्त करून लिहायची, "बघितलं." बस्स. तेवढ्या ओळीवर ही बाई सहा सहा महिने काढायची!

तिच्या जोडीला काम बघणाऱ्याला कोड काढून टाकायची भारी हौस, म्हणून सगळे त्याला कात्रीच म्हणत. त्याने त्याच पानावर लिहिलं, "ताई, जुनं वापरणारा एकच माणूस उरलाय. त्याच्यापायी आपण किती मरमर करायची?"

"हरकत आली तर ठेवायचं. नियम आहे," तिने उत्तर दिलं. नियम तिचाच होता.

तीस दिवस गेले. दादाचा चकार शब्द नाही. तिने मुदत पंधरा दिवस वाढवली, कात्रीने कपाळाला हात लावला. रोज सकाळी चहा निवून जायचा आणि ती पान उघडून बसायची. भांड रे, नाही म्हण, एवढंच तिला हवं होतं.

शेवटच्या दिवशी ओळ आली. "काढून टाका. माझ्यापायी मरमर नको. आमचं मशीन तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं."

तीन वर्षं? मग त्यानंतरच्या पाच तक्रारी? तिने एकेक उघडून पाहिली. पाचही बिघाड खरे होते. म्हणजे हा पठ्ठ्या घरी मुद्दाम जुनी आवृत्ती चढवून कुठे अडतं ते शोधत बसायचा, का, तर हिला एक ओळ लिहिता यावी म्हणून! तिला हसू आलं, आणि मग हुंदका आवरेना.

कात्रीला "काढ" म्हणून कळवलं आणि तिने फोन उचलला. नंबर पाठ होता.

"दादा, मी बोलतेय."

पलीकडून आवाज आला, "बोल गं. काहीही बोल, फक्त ठेवू नकोस."