पोकळ गदेत भरलेली वाळू

मित्रांनो, मला सगळे भीमाची गदा म्हणतात. खरं सांगायचं तर मी बांबूच्या कामट्यांची, आतून पोकळ अशी एक जुनी वस्तू आहे. अमळनेरपासून एसटीने तासाभरावर असलेल्या एका गावात झुलाल आबांनी मला विणलं. वर कागदाचा लगदा थापला, चिंचोक्याची खळ लावली आणि सोनेरी रंग दिला. लोकांना मी दोन मणांची वाटत असे. प्रत्यक्षात माझं वजन अर्धा किलोही नव्हतं. "हाई कोनले लागाले नको," असं आबा मला विणताना म्हणाले होते. कुणाला न लागण्यासाठीच माझा जन्म होता.

गावात दर वर्षी महाभारताची सोंगं निघत. हिलाल भीम व्हायचा आणि पुना दुर्योधन. दोघं एकाच शाळेत शिकलेले, एकमेकांच्या शेतात राबणारे. त्यांना शिकवणारे सुकदेव नाना मंडळाचे प्रमुख होते. नाना सांगत, "गदायुद्धात कमरेखाली वार करायचा नाही, हा नियम. भीमाने मांडी फोडायची शपथ घेतलेली. शपथ पाळली आणि नियम मोडला. म्हणून तो घाव घालताना भीमाची मान खाली असली पाहिजे."

वीस वर्षं हिलालने मान खाली घालूनच मला पुनाच्या मांडीवर टेकवलं. मी नुसती टेकायची. पुना असा कोसळायचा, की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. टाळ्या मात्र पडलेल्या दुर्योधनालाच मिळायच्या. हिलालच्या मुठीची पकड त्या वेळी घट्ट व्हायची. ती मला जाणवायची, पण तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मागच्या वर्षी जळगावच्या एका मोठ्या महोत्सवाचे पाहुणे आमचा खेळ बघायला येणार होते. मंडळाला तिथे बोलावणार होते आणि एका नटाचा सत्कार करणार होते. खेळ त्यांच्या सोयीने दुपारी चारला ठेवला. सकाळी हिलाल मला एकटाच नदीवर घेऊन गेला. त्याने माझ्या तळाशी चीर पाडली, ओली वाळू ठासली आणि वरून कापड चिकटवलं. घाव वाजला पाहिजे, दिसला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात असावं. मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर मी ओरडले असते.

खेळाआधी पुनाने मला सहज उचलून पाहिलं. "हिलाल, आज हाई जड लागी ऱ्हायनी रे."

"नवा रंग देयेल शे, म्हनीसन," हिलाल म्हणाला.

पुनाने मला त्याच्या हातात परत दिलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

श्रीकृष्णाचं सोंग घेतलेल्याने स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण केली. हिलालने मान खाली घातली नाही. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं आणि मला खाली आणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण तो माझ्यातूनच गेला. पुना किंचाळला. लोकांना वाटलं, काय अभिनय! पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मातीत पडलेल्या पुनाने दुर्योधनाचं शेवटचं वाक्य म्हटलं, "भीमा, कमरेखाली मारायचं नाही, असंच ठरलं होतं ना आपलं?" दर वर्षी तो हे आभाळाकडे बघून म्हणायचा. त्या दिवशी तो हिलालकडे बघून म्हणाला.

पुनाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. त्याची बायको सुगंधाबाई निघता निघता मला उचलायला वाकली आणि माझं वजन जाणवून तिथेच थबकली. तिने मंडपात पडलेल्या विळ्याने माझं पोट फाडलं. वाळू नानांच्या पायांवर सांडली.

"नाना, हाई काय शे?"

नानांनी पायाने वाळू बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "जळगावनं बोलावनं पहिल्यांदाच येल शे, सुगंधा. बठ्ठा मंडळनं, सगळासनंच वाटोळं व्हई. उगी ऱ्हाय."

सुगंधाबाईने मला बरोबर नेलं आणि पुढे आपल्या घरी ठेवलं. हिलालने मला फसवलं, त्याहून नानांचं हे बोलणं मला जास्त लागलं. भर सभेत द्रौपदीला ओढत आणलं, तेव्हा भीष्म-द्रोण खाली मान घालून बसले, हे नानाच आम्हाला रंगवून सांगायचे.

महिन्याभराने हिलाल पुनाच्या दारात आला. पुना खाटेवर होता, पाय सळई घालून बांधलेला. हिलाल म्हणाला, "वहिनी, गदा द्या. जळगावले न्यानी शे."

"ली जा. पन आधी चावडीवर चाल. वाळू कोनी भरी, ते बठ्ठासले सांग."

हिलालने आशेने पुनाकडे पाहिलं. पुना शांतपणे म्हणाला, "तुले टाळ्या पाह्यजे व्हत्यात, ते माले सांगनं व्हतं. मी आखो जास्ती जोरमा वरडतू, तुनाकरता."

हिलाल उंबऱ्यापासूनच परत फिरला. चावडीकडे मात्र वळला नाही. जळगावला तो नवी गदा घेऊन गेला, शाल-श्रीफळ घेऊन आला. पुनाच्या किंकाळीचा व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाईलवर फिरतो. "अशी नटमंडळी आता नाहीत," असं लोक म्हणतात. पुना काठी घेऊन चालतो. सोंग त्याने पुन्हा घेतलं नाही.

मी फाटक्या पोटाने त्याच्या घरात खुंटीला लटकते आहे. मला शिवा, नवा रंग द्या, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी सोंगं घ्याल, मैदानात उतराल, जिंकायला धावाल. माझं एवढंच मागणं आहे. समोर जो पडतो ना, तो तुमच्या भरवशावर पडत असतो. त्याला सांभाळा.