अकराव्या सरीचा कोळसा

टोमॅटोच्या अकरा सरींपैकी दहा पिवळ्या पडल्या होत्या. लेक बांधावर बसली होती; उठायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. म्हातारा बाप एकेका रोपाचं पान उलटून बघत चालला होता.

“माझ्याच हाताचा गुण गेला,” तो म्हणाला. “पन्नास वर्षं हा हात लावेल ते यायचं. आता बस्स. उद्या शेजारी येतोय, त्यालाच कसू दे ही जमीन.”

खरं काय ते लेकीला ठाऊक होतं. बायोचारचं खूळ तिचंच. छाटलेल्या फांद्या पिंपात कोंडून जाळायच्या आणि तो कोळसा मातीत मिसळायचा, म्हणजे माती ओल धरते. पण आधी तो पंधरा दिवस शेणाच्या पाण्यात मुरवायचा, नाहीतर उपाशी कोळसा रोपांच्याच तोंडचा घास पळवतो. हे तिनेच बापाला दहादा ऐकवलं होतं. आणि हिवाळाभर पिंपं ढकलून कंबरडं मोडल्यावर बाईसाहेबांनी कोळसा कोरडाच पसरला, वर “भिजवला” म्हणून सांगितलं. बापाने विचारलंसुद्धा नाही.

“बाबा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “कोळसा मी भिजवलाच नव्हता. फार दमले होते. खोटं बोलले तुमच्याशी.”

बापाने शेवटच्या सरीकडे बोट केलं. “मग ही कशी हिरवीगार?”

“काय माहीत! तिचा कोळसा मागच्या दाराजवळच्या ढिगातला. तोही कोरडाच.”

बाप एकदम दुसरीकडे बघायला लागला. “तसा अगदीच कोरडा नव्हता,” तो पुटपुटला. “पहाटे मोरीपर्यंत पाय ओढवत नाहीत गं. मी आपला तिथंच, ढिगावर...”

“किती दिवस?”

“थंडीभर.”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते कळलंच नाही. बाप गुडघे धरत तिच्या शेजारी टेकला.

“दमलीस तर दमले म्हणावं,” तो म्हणाला. “इथं कोण ताजंतवानं बसलंय?”

दहा सरींना आजच शेणाचं पाणी घालायला हवं होतं. जगली तर जगली रोपं.

“शेजाऱ्याला सांग, येऊ नको म्हणावं,” बाप म्हणाला. तो कसाबसा उठला आणि तिला उठवायला त्याने तोच हात पुढे केला.